आधी बॅटरीचं ऐक

इन्व्हर्टर आणि बॅटरी एकाच पेटीत बसवायचं काम तू अंगावर घेतलं आहेस, तर पहिलं सांगणं हे की सर्किट काढायला लगेच बसू नकोस. आधी बॅटरी समोर ठेव. ती किती करंट देते, रिकामी होताना तिचा व्होल्टेज कुठवर उतरतो, किती तापमानाला तिचं आयुष्य घटतं, हे सगळं वहीत उतरव. मग ब्रिज, ट्रान्सफॉर्मर आणि चार्जरकडे वळ.

आपल्याकडे वर्षानुवर्षं उलटं चाललं. इन्व्हर्टर एकाचा, बॅटरी दुसऱ्याची, ट्रॉली तिसऱ्याची. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत गावोगाव ट्यूब्युलर बॅटऱ्या गेल्या. लाइट यायची, बॅटरी निम्मी-शिम्मी भरायची, तोवर पुन्हा लाइट जायची. अर्धवट चार्जवर राहिलेल्या प्लेटांवर सल्फेट कडक होऊन बसायचं आणि बॅटरी अकाली मान टाकायची. तक्रार आली की बॅटरीवाला चार्जरकडे बोट दाखवायचा, इन्व्हर्टरवाला बॅटरीकडे. दोघांचंही थोडं थोडं खरं असायचं, आणि भुर्दंड मात्र गिऱ्हाइकाला बसायचा. तुझ्या पेटीवर नाव एकच असणार आहे. म्हणून बॅटरीची जबाबदारीही तुझीच, हे धरूनच कागदावर पहिली रेघ मार.

सेल लिथियम आयर्न फॉस्फेटचेच घे. घरात, माणसं झोपतात त्या भिंतीलगत ठेवायच्या पेटीला दुसरं काही मला मान्य नाही. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या प्रयोगशाळेतून अक्षय पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी या पदार्थाबद्दल लिहिलं. पुढे २०१९ मध्ये लिथियम-आयन बॅटरीच्या कामासाठी गुडइनफना नोबेल मिळालं. या सेलमध्ये ऑक्सिजन फॉस्फेटशी घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे तापला तरी तो सहजी सुटून आगीला हातभार लावत नाही. वजनामागे ऊर्जा थोडी कमी मिळते, पण भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पेटीचं वजन कोणाला वाहायचं आहे?

एका सेलचा नाममात्र व्होल्टेज ३.२, पूर्ण भरल्यावर ३.६५, आणि २.५ च्या खाली कधीच न्यायचा नाही. सोळा सेल सिरीजमध्ये जोडलेस की ५१.२ व्होल्ट. सिरीजमधल्या सेलांचं एका जुवाखालच्या बैलांसारखं असतं, दुबळा जितकं ओढेल तितकंच औत चालतं. पंधरा सेल ठणठणीत आणि सोळावा दोन टक्के मागे असेल, तर रिकामं होताना तो आधी तळाला जातो आणि बीएमएस, म्हणजे सेलांवर पहारा ठेवणारं सर्किट, सगळंच बंद करतं. म्हणून सेल विकत घेताना क्षमता आणि अंतर्गत रोध मोजून जुळवून घे. पुढे बीएमएस समतोल साधेल, या भरवशावर राहू नकोस. पुष्कळ बीएमएसमध्ये समतोलाचा करंट शंभर मिलीअँपिअरच्या आसपास असतो. १०० अँपिअर-अवरच्या सेलमधली दोन टक्क्यांची तफावत म्हणजे २ अँपिअर-अवर, म्हणजे समतोल सलग चालू राहिला तरी वीस तास. आणि तो चालतो फक्त चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात, जिथे लोकांच्या घरी पेटी दिवसातून जेमतेम अर्धा-एक तास पोचते. हिशेब तूच कर.

या सेलची आणखी एक खोड आहे. वीस टक्क्यांपासून ऐंशीपर्यंत त्याचा व्होल्टेज जवळजवळ हलतच नाही, ३.२ ते ३.३ च्या दरम्यान पडून राहतो. लेड-ॲसिडची सवय असलेला माणूस व्होल्टमीटर लावून 'अर्धी शिल्लक आहे' म्हणतो आणि फसतो. इथे आत गेलेल्या-बाहेर आलेल्या करंटचीच मोजदाद ठेवावी लागते. पण करंट सेन्सरमध्ये ०.२ अँपिअरची चूक असेल, तर चोवीस तासांत जवळजवळ ५ अँपिअर-अवरचा घोळ होतो. १०० च्या बॅटरीत पाच टक्के, रोज. तेव्हा सेन्सरचा शून्यबिंदू पेटी सुरू होताना प्रत्येक वेळी तपासून घे, आणि काही दिवसांनी एकदा बॅटरी पूर्ण भरून आकडा शंभरवर आणायची सोय प्रोग्रॅममध्येच ठेव. पडद्यावर चाळीस टक्के दिसत असताना घरात अंधार झाला, तर गिऱ्हाईक पुन्हा त्या पडद्यावर विश्वास ठेवत नाही, आणि त्याचं बरोबरच असतं.

आता करंटचं. तीन किलोवॉटचं यंत्र ५१.२ व्होल्टवर चालतं असं धरून केबल निवडू नकोस. बॅटरी तळाशी आलेली असताना, सेलला २.८ व्होल्ट म्हणजे एकूण ४४.८ व्होल्टवर हिशेब कर. कार्यक्षमता ९२ टक्के धरलीस तर बॅटरीतून सुमारे ७३ अँपिअर ओढले जातात. हेच १२ व्होल्टवर केलं असतं तर तीनशेच्या जवळ गेले असते. म्हणूनच मोठं यंत्र १२ व्होल्टवर करायचा आग्रह कोणी धरला, तर नम्रपणे नाही म्हण. करंट चौपट झाला की तारेतली उष्णता सोळापट होते.

आणि जोडावर लक्ष दे. लगच्या एका जोडात एक मिलीओहम रोध राहिला तर सत्तर अँपिअरला तिथे पाच वॉट उष्णता तयार होते, तीही नखाएवढ्या जागेत. जोड तापतो, ढिला पडतो, रोध वाढतो, आणखी तापतो. प्रिझमॅटिक सेलची टर्मिनल ॲल्युमिनियमची असतात, उघड्यावर त्यांच्यावर ऑक्साइडचा थर लगेच बसतो. बसबार लावायच्या आधी ती घासून पूस, निर्मात्यानं सांगितलेल्या टॉर्कनंच आवळ आणि नटावर रंगाची रेघ मार. ढिला झालेला नट मग नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो. सेल चार्ज होताना किंचित फुगतो, म्हणून दोन सेलांमधला बसबार थोडा लवचीक हवा.

यानंतरची गोष्ट पुष्कळ हुशार लोकांच्याही नजरेतून सुटते. सिंगल फेजचा लोड पॉवर सारख्या प्रमाणात घेत नाही. पन्नास हर्ट्झच्या एका आवर्तनात पॉवर दोनदा शिखरावर जाते आणि दोनदा शून्यावर येते, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा. ही लहर मागे बॅटरीपर्यंत पोचली, तर तिचा करंट शून्यापासून सरासरीच्या दुपटीपर्यंत वर-खाली होत राहतो. सरासरी तीच राहते, पण उष्णता करंटच्या वर्गावर ठरते, त्यामुळे तेवढ्याच कामासाठी बॅटरी आणि केबल दीडपट तापतात.

बॅटरीच्या तोंडाशी कपॅसिटर वाढवून हे मिटत नाही. चांगल्या लिथियम बॅटरीचा रोधच इतका कमी असतो, की लहर कपॅसिटरला सोडून तिच्याकडेच धावते. लोखंडी ट्रान्सफॉर्मरचं साधं यंत्र केलंस तर ही लहर बॅटरीत जाणार हे गृहीत धरून केबल, फ्यूज आणि सेल त्या मापाचे घे. दोन टप्प्यांचं केलंस, म्हणजे आधी बॅटरीवरून ४०० व्होल्टची बस आणि मग त्यावर ब्रिज, तर लहर मधल्या बसवरच अडवता येते. तीन किलोवॉटला १००० मायक्रोफॅरड ठेवलेस तर बस साधारण २४ व्होल्टनं झुलते. झुलू दे. २३० व्होल्टचं शिखर ३२५ ला असतं, खाली भरपूर जागा आहे. पहिल्या टप्प्याचं नियंत्रण मात्र मुद्दाम संथ ठेव. बस स्थिर राखायच्या नादात तो टप्पा जलद केलास की तो दर झोक्यामागे धावतो आणि लहर जशीच्या तशी बॅटरीला नेऊन देतो.

या दोन पद्धतींत श्रेष्ठ कोणती, असा वाद घालत बसू नकोस. शेतावर मोटर, पिठाची छोटी गिरणी, जुना फ्रिज असेल, तर मी आजही लोखंडी कोअरकडे झुकेन. सुरुवातीचा पाच-सहापट झटका ते मुकाट्यानं सोसतं. शहरातल्या फ्लॅटमध्ये वजन आणि आवाज नको असतो, तिथे दोन टप्प्यांचं, फेराइट ट्रान्सफॉर्मरचं.

बॅटरीच्या बाजूच्या ब्रिजमध्ये १०० व्होल्टचे मॉसफेट घालायचा मोह होईल, कारण बॅटरी पूर्ण भरली तरी ५८.४ व्होल्टच असते. तारेच्या लांबीचा हिशेब केल्याशिवाय तो निर्णय घेऊ नकोस. सरळ तारेच्या दर मिलिमीटरला सुमारे एक नॅनोहेन्री धरायची, हा जुन्या लोकांचा ठोकताळा आहे. कपॅसिटरपासून मॉसफेटपर्यंत जाऊन परत येणाऱ्या वाटेत पाच सेंटिमीटर उघडे राहिले, तर पन्नास नॅनोहेन्री झाले. शंभर अँपिअर शंभर नॅनोसेकंदांत तोडलेस तर तेवढ्या वाटेवर पन्नास व्होल्टचा उसळा येतो. ५८ आणि ५० मिळून १०८. मॉसफेट उडाला, आणि ऑसिलोस्कोपचा प्रोब लांब अर्थ-वायरनं लावला असशील तर तुला त्याचं कारण नीट दिसणारही नाही. म्हणून जाणारं आणि येणारं तांबं एकमेकांवर अगदी चिकटून ठेव, आणि सिरॅमिक व फिल्म कपॅसिटर मॉसफेटच्या पायाशी बसव. एकाशेजारी एक पाच-सहा मॉसफेट जोडशील तेव्हा प्रत्येकाच्या गेटला स्वतःचा रेझिस्टर दे. सगळ्यांना मिळून एकच दिला तर गेट आपापसात थरथरतात.

४०० व्होल्टच्या बाजूला आयजीबीटी वापरलेस तर डेड टाइमची कंजुषी करू नकोस. चेन्नईत जन्मलेल्या जयंत बालिगांनी जीईमध्ये या उपकरणाचा पाया घातला, त्याला आता चार दशकं उलटली. त्याचं बंद होताना रेंगाळणं कमी झालं आहे, पण पुरतं गेलेलं नाही. वरचा स्विच पूर्ण बंद व्हायच्या आत खालचा सुरू झाला की बसवरचे सगळे कपॅसिटर त्यांच्यातून एकदम रिकामे होतात. आणि हा डेड टाइम यंत्र गरम झाल्यावर पुन्हा मोजून बघ, थंड टेबलावरचा आकडा कामाचा नाही.

उष्णतेबद्दल मी जरा जास्तच बोलेन. पेटी एक केलीस की तापणारी वस्तू आणि तापमान न सोसणारी वस्तू शेजारी आल्या. बॅटरी खाली, पॉवरचा भाग वर, मध्ये बंद पडदा, आणि पंख्याची हवा फक्त वरच्या कप्प्यातून जाणारी. हीटसिंकवरची गरम हवा सेलांवर सोडणारी पेटी मी पास करणार नाही, ती कितीही सुबक दिसली तरी. चंद्रपूरला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. जिन्याखालच्या कोंदट जागेत पेटीच्या आत त्याहून दहा अंश जास्त धर. तिथे चार्जिंगचा करंट आपोआप कमी व्हायला हवा. उलट पेटी लडाखला जाणार असेल तर शून्य अंशाखाली चार्जिंग पूर्ण बंद ठेव, कारण त्या थंडीत लिथियम धातू ॲनोडवर साचतो आणि सेल कायमचा बिघडतो.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना दुप्पट किंवा निम्मं होतं. १०५ अंशांना २००० तासांचा स्वस्त कपॅसिटर ६५ अंशांवर सतत चालला तर ३२,००० तास टिकतो, म्हणजे चार वर्षंसुद्धा नाही. बॅटरी दहा वर्षांची आणि कपॅसिटर चारचा, ही जोडी जुळत नाही. १०,००० तासांचा घे. दरातला फरक पंख्याच्या किमतीहून कमी असतो.

कोकणात आणि गोव्यात मीठ धरलेली दमट हवा पीसीबीवर बसते, तिथे कॉन्फॉर्मल कोटिंग आणि कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं हवंच. आणि पाली. आपल्याकडे सर्किट शॉर्ट होण्याचं ते एक खरंखुरं कारण आहे. उबेला पाल आत शिरते आणि दोन बसबारच्या मध्ये सापडते. हवेच्या प्रत्येक भोकाला आतून बारीक जाळी लाव, आणि ती धुळीनं भरणार हे धरून बाहेरून काढता येईल अशी कर.

आता संरक्षणाचा क्रम सांगतो, तो पाठ कर. लोड जास्त झाला तर सर्वांत आधी इन्व्हर्टरनं स्वतः थांबायचं. तो चुकला तर बीएमएसनं तोडायचं. तेही जमलं नाही तर फ्यूज. पुष्कळ एकत्रित यंत्रांत हा क्रम उलटा पडलेला असतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला, करंट क्षणभर दीडशेच्या घरात गेला, इन्व्हर्टर तो सोसायला तयार होता, पण बीएमएस घाबरलं आणि घर अंधारात गेलं. दोन्हींच्या मर्यादा आणि त्यांचा वेळ एका तक्त्यात शेजारीशेजारी मांडून बघ.

याच्या उलट बाजूही आहे. दुपारी सोलर पॅनलकडून ५० अँपिअर आत येत असताना एखादा सेल भरला आणि बीएमएसनं अचानक दार लावलं, तर तो करंट जाणार कुठे? बॅटरीच्या बाजूच्या बसवर १८,८०० मायक्रोफॅरड असतील तर व्होल्टेज दर मिलिसेकंदाला अडीचहून जास्त चढतो. पंधरा-सोळा मिलिसेकंदांत तुझे १०० व्होल्टचे मॉसफेट संपले. म्हणून बीएमएसनं आधी कॅन बसवरून 'कमी कर' म्हणायचं, थोडा वेळ द्यायचा, आणि ऐकलं नाही तरच तोडायचं. शिवाय चार्जरनं निरोपाची वाट न बघता बसचा व्होल्टेज बघून स्वतःच्या अकलेनं थांबायचं. निरोपाची वायर कधीतरी सुटणारच.

आणि बॅटरी तळाला जाऊन बीएमएसनं दार लावलं, तर यंत्राला उठवणार कोण? यंत्राचा स्वतःचा कंट्रोल सप्लाय त्याच बॅटरीवर असतो. लाइट आली किंवा ऊन पडलं की त्यातूनच तो सुरू होईल अशी वाट ठेव. गोदामात महिनोन्महिने पडून राहणाऱ्या पेटीसाठी बॅटरी पूर्ण तोडणारा स्विच दे.

बॅटरीकडचा एमसीबी आणि फ्यूज डीसीचेच असले पाहिजेत, यात तडजोड नाही. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तेव्हा ठिणगी आपोआप विझते. डीसी कधीच शून्यावर येत नाही, ठिणगी तशीच जळत राहते आणि एसीचा एमसीबी आतून वितळतो. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर देते. फ्यूजवर तो किती अँपिअरला उडतो हे सगळे बघतात, तू तो किती अँपिअर सुरक्षित तोडू शकतो हे बघ.

रिकाम्या कपॅसिटरवर बॅटरी थेट टाकलीस तर कॉन्टॅक्टर चिकटतो. आधी ५० ओहमच्या वायरवाउंड रेझिस्टरमधून भर. सुरुवातीचा करंट एक अँपिअर, आणि वर सांगितलेल्या १८,८०० मायक्रोफॅरडला साधारण पाच सेकंद. पाच सेकंदांनंतरही बस बॅटरीच्या जवळ पोचली नाही, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. मग मुख्य कॉन्टॅक्टर लावूच नको, पडद्यावर बिघाड दाखव. एका रेझिस्टरकडून इतकं फुकट निदान मिळतं ते सोडू नये.

बिनलोड यंत्र स्वतः किती खातं तेही मोज. ५० वॉट म्हणजे दिवसाला १.२ युनिट. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या पेटीत एकूण पाच युनिटं असतात, त्यातलं जवळजवळ पाव यंत्रानंच खाल्लं. जाहिरातीतली ९५ टक्के कार्यक्षमता रात्री एक पंखा आणि एक मोबाइल चार्जर चालतो तेव्हाची नसते, आणि घरातला बहुतेक वेळ तोच असतो.

ग्रिडला जोडणार असशील तर लाइट गेल्यावर दोन सेकंदांच्या आत तुझा पुरवठा बाहेरच्या तारांपासून तुटलाच पाहिजे. आयएस १६१६९ मध्ये त्याची चाचणी दिलेली आहे. पण प्रमाणपत्राच्या आधी महावितरणचा तो वायरमन डोळ्यांपुढे आण, जो लाइन बंद आहे समजून खांबावर चढला आहे. रिले एकच ठेवू नकोस, सिरीजमध्ये दोन ठेव, आणि कॉन्टॅक्ट चिकटला आहे का हे प्रत्येक वेळी जोडण्यापूर्वी यंत्रानं तपासावं.

तुझा रिले फेजबरोबर न्यूट्रलही तोडत असेल, तर आतल्या घराचा न्यूट्रल अधांतरी राहतो. त्या अवस्थेत गिझरच्या बॉडीत फेज आला तरी आरसीसीबी पडणार नाही, कारण अर्थमधून परतायला वाटच नाही. बॅटरीवर चालताना न्यूट्रल आणि अर्थ जोडणारा वेगळा रिले हवा, आणि बाहेरची लाइट परत जोडण्याआधी तो उघडलाच पाहिजे. हा जोड विसरलेली यंत्रं मी पाहिली आहेत. ती वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतात, म्हणूनच जास्त धोक्याची.

चाचणी घेशील तेव्हा प्रत्येक त्रास वेगळा देऊ नकोस. बॅटरी वीस टक्क्यांवर, पेटीचं तापमान पन्नास, वर पंखे आणि टीव्ही चालू, आणि त्यातच मिक्सर व फ्रिज एकदम सुरू कर. मग चालू चार्जिंगमध्ये बीएमएसची निरोपाची वायर उपट. पंखा हातानं अडवून धर. हे सगळं झाल्यावर जोडांवर थर्मल कॅमेरा फिरव आणि सर्वांत गरम ठिपका कुठे आहे तो लिहून ठेव, पुढचा बदल तिथून सुरू होईल.

शेवटी दुरुस्तीला येणाऱ्या मुलाचा विचार कर. तो तालुक्याहून मोटरसायकलवर येणार, त्याच्याकडे मल्टिमीटर आणि चार पाने असणार. बॅटरीचा कप्पा एकट्याला उचलता येईल इतकाच जड ठेव, किंवा त्याचे दोन भाग कर. जोडणीचं चित्र झाकणाच्या आतल्या बाजूला मराठीत छाप. स्विच बंद केल्यावरही ४०० व्होल्टची बस बराच वेळ भरलेली राहते. तिच्यावर ब्लीडर रेझिस्टर आणि एक लाल दिवा लाव, आणि झाकणाचे स्क्रू असे ठेव की दिवा आधी दिसावा, मगच हात आत जावा.